लहान शस्त्रक्रिया आणि मोठी भीति

ह्या सदरांत आजवर आम्हीं मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांचा मान, घरांतील कुरबुरी आणि तरुणांचा खर्च अशा विषयांवर पुष्कळ लिहिलें. गेल्या महिन्यांत मात्र एका सूनबाईंचें जें पत्र आलें त्यानें आम्हांस विचारांत पाडलें. पत्राचा आशय थोडक्यांत असा: सासूबाईंचें वय अठ्ठावन्न. पाळी जाऊन सहा वर्षें झालीं. माघांत त्यांच्या अंगावरून थोडें गेलें. त्या घाबरल्या, पण कोणाशीं बोलल्या नाहींत. चैत्रांत पुन्हां गेलें, तेव्हां त्यांनीं सुनेला एकटीला सांगितलें, आणि हें घरांत कोणास कळतां कामा नये अशी देवापुढें शपथ घातली. सूनबाई त्यांना 'डोळे तपासण्यास' म्हणून तालुक्याच्या गांवीं घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनीं सोनोग्राफी करून सांगितलें कीं, गर्भाशयाचें आंतील अस्तर जाड दिसतें, दुर्बिणीनें पाहून त्याचा थोडा अंश तपासणीस पाठवावा लागेल. काम अर्ध्या तासाचें आहे, सायंकाळीं घरीं जातां येईल. ही गोष्ट वैशाखांतली. त्यानंतर आधीं नातवाची मुंज, मग आषाढी, आणि आतां 'चातुर्मास उलटूं दे' अशीं कारणें निघत आहेत. सासूबाईंना रात्रीं झोप नाहीं, आणि सुनेला शपथेमुळें तोंड नाहीं. सूनबाई विचारतात, "आतां मीं काय करावें?"

असल्या विषयावर एका निवृत्त शिक्षकानें, तेंही पुरुषानें, लेखणी चालवावी काय, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. आमच्याही मनांत तो आला होता. परंतु आपल्या एकत्र कुटुंबांत दवाखान्याचा खर्च कोण मंजूर करतो, गाडी कोण ठरवितो, आणि 'एवढ्याशा गोष्टीला एवढा बाऊ कशाला' असें कोण म्हणतो, ह्याचा विचार केला म्हणजे हा लेख स्त्रियांइतकाच पुरुषांनींही वाचणें अवश्य आहे असें दिसून येईल. औषधोपचार सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं, तो डॉक्टरांचा. आम्हांस बोलावयाचें आहे तें भीतीविषयीं.

तरी एक गोष्ट प्रथमच सांगून टाकूं. पाळी कायमची गेल्यानंतर अंगावरून जाणें ही थांबून पाहण्याची गोष्ट नव्हे. अशा शंभर स्त्रियांची तपासणी केली तर त्यांत सुमारें नऊ जणींस गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, असें अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१८ सालीं प्रसिद्ध झालें आहे. ह्या आंकड्याला दोन बाजू आहेत. शंभरांतील एक्याण्णव जणींच्या रक्तस्रावाचें कारण दुसरें कांहीं असतें: अस्तर सुकलेलें असणें, एखादा साधा मोड वाढलेला असणें, अशासारखें. पण त्या नऊ जणींत आपण आहों कीं एक्याण्णवांत, हें घरीं बसून कोणासही कळत नाहीं. शिवाय ह्या रोगाचा एक उपकार असा कीं, तो बहुधा आरंभींच रक्ताच्या रूपानें वर्दी देतो, आणि आरंभीं हातीं लागला तर त्याचा उपाय पुष्कळदां पूर्णपणें होतो. वर्दी आली असतां दार न उघडणें ह्यांत शहाणपण नाहीं. म्हणून सासूबाईंनीं चातुर्मास उलटण्याची वाट पाहूं नये. उपासतापास, पोथी, नेम हें सर्व त्या एका दिवसानें खंडित होत नाहीं. आणि झालेंच, तर आजारी माणसास शास्त्रानें नेहमींच सवलत दिली आहे.

आतां भीतीकडे वळूं. आम्हीं वर्गांत मुलांना एक गोष्ट नेहमीं सांगत असूं कीं, मोठें गणित भेडसावूं लागलें तर त्याचे तुकडे करावे. भीतीचेंही तसेंच आहे. 'मला भीति वाटते' असें म्हणणाऱ्या स्त्रीस 'कसली?' असें विचारलें तर पहिलें उत्तर बहुधा 'सगळ्याचीच' असें येतें. पण जरा शांतपणें विचारलें तर त्या 'सगळ्यां'त चार-पांच निरनिराळ्या भीति निघतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

पहिली लज्जेची. ती खोटी नाहीं, आणि तिला हंसूं नये. जन्मभर जपलेला संकोच एका सकाळीं परक्याच्या खोलींत उतरवून ठेवणें हें सोपें काम नव्हे. ह्याच संकोचापायीं आपल्याकडील किती स्त्रिया उपचारावांचून राहिल्या हें ओळखून आनंदीबाई जोशी ह्या मुलीनें समुद्र ओलांडला. तिचा जन्म १८६५ चा. चौदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला, आणि तो दहा दिवसांत गेला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथें भाषण करतांना तिनें हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हें सांगितलें, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें ती एम. डी. झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर तिची नेमणूक झाली होती, पण तें काम सुरू होण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं ती पुण्यास निवर्तली. त्याच १८८६ सालीं मुंबईस कामा रुग्णालय उघडलें, तें स्त्री-डॉक्टरांनीं स्त्रियांसाठीं चालवावें ह्याच हेतूनें. पुढें रखमाबाई १८९४ सालीं डॉक्टर होऊन परत आल्या, आणि सुरतेस व राजकोटास त्यांनीं स्त्रियांचीच सेवा केली. आमच्या वऱ्हाडांत अमरावतीच्या स्त्री-रुग्णालयास लोक अद्याप 'डफरीन' म्हणतात, तें नांवही त्याच काळचें. म्हणजे आपल्या लाजेची दखल शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच घेतली गेली आहे. आज तालुक्याच्या गांवींही स्त्री-डॉक्टर मिळते. न मिळाली, तर पुरुष डॉक्टर तपासीत असतां खोलींत एक स्त्री हजर असली पाहिजे, हा रुग्णाचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेंत नमूद आहे. तें मागण्यांत उद्धटपणा नाहीं. 'अंगावर चादर असूं द्या' असें म्हणण्यांतही नाहीं.

लज्जेच्या पोटांत आणखी एक लहानशी भीति असते. ती बायका पुरुषांजवळ बोलत नाहींत. शस्त्रक्रियेच्या खोलींत जाण्यापूर्वीं अंगावरील दागिने उतरवावे लागतात. मंगळसूत्र उतरवावयाचें म्हटलें कीं, कित्येकींच्या पोटांत गोळा येतो. त्याचें कारण असें कीं, रक्त थांबविण्यास विजेचें उपकरण वापरावें लागलें तर अंगावरील धातूपाशीं भाजण्याचा धोका असतो. त्यांत अशुभ कांहीं नाहीं. गळ्यांत हळकुंडाचा दोरा ठेवल्यास चालेल काय, हें आदल्या दिवशींच विचारून ठेवावें. दोऱ्यांत धातु नसते. नखांचा रंगही काढून जावें, कारण बोटाला जो चिमटा लावतात तो नखांतून प्रकाश सोडून रक्तांतील प्राणवायु मोजीत असतो. प्रत्येक नियमाचें कारण कळलें म्हणजे तो नियम जाचत नाहीं, हा आमचा शाळेंतला अनुभव येथेंही खरा ठरतो.

दुसरी भीति वेदनेची आणि भुलेची. 'भूल दिली आणि मी उठलेंच नाहीं तर?' हा प्रश्न रात्रीं दोन वाजतां फार मोठा दिसतो. बोस्टन येथें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं ईथरच्या भुलेचा जाहीर प्रयोग झाला, आणि पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या सिम्पसन ह्यांनीं प्रसूतींत क्लोरोफॉर्म वापरला. त्या काळीं भूल देणाऱ्याच्या हातीं एक रुमाल आणि रोग्याची नाडी, एवढेंच साधन होतें. क्लोरोफॉर्मनें मृत्यु कां होतात ह्याचा शोध घेण्यास हैदराबादेंत १८८८ व १८८९ सालीं दोन आयोग बसले होते, आणि त्याच हैदराबादेंत डॉ. रूपाबाई फर्दुनजी ही स्त्री भूल देण्याचें काम करीत असे. तेथून आजपर्यंत ही विद्या फार पुढें आली आहे. आज भूल देणारा डॉक्टर निराळा असतो, आणि काम चालू असेपर्यंत श्वास, नाडी, रक्तदाब व प्राणवायु ह्यांवर नजर ठेवणें एवढाच त्याचा उद्योग असतो. पत्रांतल्यासारख्या कामास बहुधा हलकी व अल्पकाळची भूल पुरते. कित्येकदां बारीक नळीनें अस्तराचा अंश घ्यावयाचा असेल तर भुलेवांचूनही भागतें, मात्र पाळीच्या वेळेप्रमाणें कळ येते. आपल्यास ह्यांपैकीं काय होणार हें आधीं विचारावें. 'कांहीं दुखणार नाहीं' ह्या उत्तरावर समाधान मानूं नये; 'काय दुखेल, किती वेळ दुखेल, आणि दुखलें तर काय द्याल' असें तीन भागांत विचारावें.

भुलेसंबंधीं एक गंमतीची गोष्ट सांगतों. सुश्रुतानें शस्त्रकर्मापूर्वीं रोग्यास जेवूं घालावें, आणि मद्य चालणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावें, असें सांगितलें आहे; हेतु हा कीं, त्यास मूर्च्छा येऊं नये व शस्त्र कळूं नये. तथापि मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर व मुखरोग ह्यांत मात्र रोगी उपाशी असावा असेंही त्यानेंच सांगून ठेवलें आहे. आज भूल द्यावयाची असेल तर साधारणतः हलकें अन्न सहा तास आधीं आणि नुसतें पाणी दोन तास आधीं बंद करतात, कारण भुलेंत पोटांतलें अन्न वर येऊन श्वासनलिकेंत गेलें तर प्राणावर बेततें. म्हणून आपल्या डॉक्टरांनीं जी वेळ घालून दिली असेल ती पाळावी. 'घोटभर चहानें काय होतें' असें म्हणून पहांटे पेला पुढें करणारी प्रेमळ जाऊ ही त्या दिवशीं वैरीण समजावी!

तिसरी भीति सर्वांत खोल, आणि आमच्या ह्या मुलखांत सर्वांत साधार. 'आंत नेतील आणि पिशवीच काढतील.' आम्ही पोहरादेवीस राहतों. हें बंजारा समाजाचें मोठें तीर्थ आहे. रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या तांड्यांतून माणसें येथें येतात. मराठवाड्याविदर्भांतील तांड्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या बाया पुष्कळ आहेत, आणि पिशवी काढल्याच्या गोष्टी त्यांच्यांत ऐकूं येतात. ह्या नुसत्या गोष्टी नव्हत. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रियांविषयीं ओरड झाली तेव्हां राज्य सरकारनें २०१९ सालीं नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तींत ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे सहा जणींत सुमारें एक! मुकादमाचा खाडा, उसाच्या फडांतील गैरसोय आणि कर्करोगाची दाखविलेली धास्ती ह्यांच्या कात्रींत ह्या बाया सांपडल्या. तेव्हां एखादी सासूबाई 'मला आंत नेऊं नका' म्हणत असेल तर तिला अडाणी ठरविण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

पण ह्याच भीतीवर एक भक्कम उपाय आहे, आणि तो फारच थोड्यांस ठाऊक आहे. दिल्लींतील एका चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित स्त्रीनें केवळ दुर्बिणीच्या तपासणीस संमति दिली होती. ती भुलेंत असतां बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमति घेऊन तिचें गर्भाशय व बीजकोश काढण्यांत आले. सर्वोच्च न्यायालयानें १६ जानेवारी २००८ रोजीं निकाल दिला कीं, तपासणीस दिलेली संमति ही उपचारास दिलेली संमति होत नाहीं. आणि रोगी सज्ञान व समर्थ असतां, तत्काल प्राणावर बेतलें नसेल तर, आईची संमतिही चालत नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांनीं हा निकाल नीट समजून घेण्यासारखा आहे. नवऱ्याची, सासऱ्याची, मुलाची सही ही घरच्या रीतीप्रमाणें कितीही मानाची असली तरी ती त्या स्त्रीच्या सहीच्या जागीं बसूं शकत नाहीं. म्हणून संमतिपत्र मराठींत मागावें, वाचावें, वाचतां येत नसेल तर वाचून घ्यावें. त्यांत जें काम ठरलें असेल तेवढेंच लिहिलें आहे काय हें पाहावें, आणि 'फक्त तपासणी व अस्तराचा अंश घेणें. पुढील काम मला शुद्धीवर आल्यावर विचारून' असें स्पष्ट सांगावें. चांगल्या डॉक्टरांस ह्याचा राग येत नाहीं. हें एकदां कागदावर उतरलें म्हणजे भीतीचा निम्मा भार हलका होतो, असें आम्हीं पाहिलें आहे.

चौथी भीति निदानाची. 'तपासलेंच नाहीं तर निघणारही नाहीं' हें मनाचें जुनें तर्कशास्त्र आहे. त्याचें उत्तर युक्तिवादानें देण्यापेक्षां आपल्याच राज्यांतील एका मोठ्या प्रयोगानें द्यावें हें बरें. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशीव जिल्ह्यांत १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र व बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय ह्यांच्या सहकार्यानें गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झाली. खेड्यांचे ५२ गट, आणि तीस ते एकुणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया! ह्यांतील पुष्कळशा कधीं ह्या कारणासाठीं डॉक्टरांपुढें गेलेल्या नव्हत्या. निकाल २००९ सालीं प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी ज्या गटांत झाली तेथें ह्या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या, आणि जेथें ती योजना नव्हती तेथें ६४. गटांतील स्त्रियांची संख्या थोडीफार वेगळी होती. ती हिशेबांत धरूनही मृत्यूचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. तपासणीविना ठेवलेल्या गटाविषयीं पुढें टीकाही झाली, आणि ती विचार करण्यासारखी आहे. पण त्या टीकेचाही अर्थ एकच, कीं तपासणी ही एवढी मोलाची गोष्ट आहे कीं कोणाही स्त्रीस ती नाकारली जाऊं नये. हा रोग गर्भाशयाच्या मुखाचा, आणि पत्रांतील शंका अस्तराची. दोन्ही एक नव्हत. पण शेतांतून पदर खोंचून आलेल्या त्या हजारों बायांनीं जो धीर दाखविला तो दोन्हींकडे सारखाच उपयोगी आहे.

पांचवी भीति घराची. 'मी पडलें तर घराचें काय? आणि बाहेर कळलें तर लोक काय म्हणतील?' येथें शपथेचा प्रश्न येतो. आमचें सूनबाईंना सांगणें असें कीं, शपथ मोडूं नये, ती सासूबाईंकडूनच सोडवून घ्यावी. वर सांगितलेल्या न्यायाप्रमाणें शरीर त्यांचें आणि गुपितही त्यांचें. तें चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार सुनेला नाहीं. पण भूल दिलेल्या माणसास एकटें घरीं सोडीत नाहींत, आणि एक माणूस औषधाला धांवला तर दुसरें खाटेजवळ लागतें. एवढ्या व्यवहाराच्या कारणानें तरी घरांत आणखी एकास सांगणें प्राप्त आहे. तें माणूस कोण, हें सासूबाईंनींच ठरवावें. आम्हांस वाटतें, बहुधा त्या मामंजींचेंच नांव घेतील. कारण ज्याच्याशीं चाळीस वर्षें संसार केला त्याच्यापासून लपविण्याचाच शीण सर्वांत अधिक असतो. सूनबाईंनीं इतकेंच म्हणावें, "आई, मी कोणास सांगणार नाहीं, पण दिवस ठरविल्याशिवाय तुमच्याजवळून उठणारही नाहीं."

चरकानें चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यांत रोग्याचे जे गुण दिले आहेत ते मोठे मार्मिक आहेत: स्मृति, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. म्हणजे काय झालें तें आठवणें, सांगितलें तसें करणें, भ्याड नसणें, आणि आपलें दुःख सांगतां येणें. आम्हांस नेहमीं वाटतें कीं, ह्यांतील शेवटचा गुण साधला तर तिसरा आपोआप येतो. न बोलणाऱ्या माणसाची भीति कुंडींतल्या मुळांसारखी स्वतःभोंवतींच वेटाळे घेत बसते. परिचारकाच्या गुणांतही चरकानें सेवेचें ज्ञान, दक्षता आणि शुचिता ह्यांबरोबर अनुराग घातला आहे. घरच्या माणसांनीं हें लक्षांत घ्यावें. 'त्यांत काय आहे, सगळ्याच करतात' हें वाक्य धीर देण्यास म्हणून बोलतात. त्यानें धीर येत नाहीं, तोंड मात्र बंद होतें. त्यापेक्षां 'तुम्हांला कशाची अधिक भीति वाटते?' एवढें विचारून गप्प बसावें आणि ऐकावें. तसेंच शेजारच्या बाईच्या जावेचें काय झालें, ह्या कथा त्या आठवड्यांत तरी बंद ठेवाव्या.

आतां जाण्याच्या दिवसाविषयीं चार उपयुक्त गोष्टी. आदल्या दिवशीं एका कागदावर चालू औषधें लिहावीं: रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, कोणत्या औषधाचें वावडें. कवळी अथवा हालणारा दांत असेल तर तेंही. त्याच कागदामागें आपले प्रश्न लिहावे. आंत गेल्यावर ते हटकून विसरतात. दवाखान्यांत थांबणें पुष्कळ पडतें हें धरूनच जावें. आमच्या कुटुंबास एकदां अशाच कामासाठीं सकाळीं आठास बोलावून दुपारीं एकपर्यंत कारण न सांगतां बसवून ठेवलें होतें. शस्त्रक्रियेपेक्षां त्या पांच तासांचीच आठवण त्यांना अधिक आहे. अशा वेळीं 'किती वेळ लागेल आणि कां' असें सोबतच्या माणसानें अर्ध्या अर्ध्या तासानें नम्रपणें विचारीत राहावें.

त्या वेळांत मनाला कांहीं काम द्यावें. शस्त्रक्रियेपूर्वीं संगीत ऐकल्यानें चिंता कमी होते काय, ह्याविषयींचे २६ प्रयोग कोक्रेन ह्या संस्थेच्या अभ्यासकांनीं २०१३ सालीं एकत्र तपासले. त्यांत २,०५१ माणसें होतीं, आणि उत्तर होकारार्थी आलें. दुसरा एक लहानसा प्रयोग २००१ सालचा, इटलींतील संशोधकांचा. तेवीस निरोगी माणसांस लॅटिन प्रार्थना व बौद्धांचा 'ॐ मणिपद्मे हुं' हा मंत्र म्हणावयास सांगितला असतां त्यांचा श्वास मिनिटाला सुमारें सहावर आला, आणि हृदयाची लय सुधारली. मंत्र कोणता ह्यापेक्षां तो संथपणें, श्वास लांबवून म्हणणें हें महत्त्वाचें दिसतें. तेव्हां सासूबाईंना रामरक्षा पाठ असेल तर ती पुटपुटत बसावी. कोणास अभंग आवडत असेल तर त्यानें तो गुणगुणावा. ह्यानें भीति नाहींशी होते असें नव्हे. भीति शेजारीं बसून राहते, पण उरावर बसत नाहीं.

परत आल्यावर दोन-चार दिवस ओटीपोटांत कळ आणि थोडें अंगावरून जाणें हें अपेक्षितच असतें. ताप, फार रक्त, दुर्गंधी किंवा न सोसणारें दुखणें, ह्यांपैकीं कांहीं दिसलें तर मात्र रात्र असली तरी डॉक्टरांस कळवावें. अशा गोष्टी क्वचित् घडतात, पण घडल्या तर लपवावयाच्या नसतात. आणि तपासणीचा कागद आणावयास विसरूं नये! शस्त्रक्रिया झाली, त्रास थांबला, आणि कागद महिनोन् महिने दवाखान्यांतच पडून राहिला, अशीं उदाहरणें आम्हांस ठाऊक आहेत. ज्या कागदासाठीं एवढा धीर केला तो हातीं न घेणें म्हणजे परीक्षा देऊन निकाल न पाहणें होय.

लहान शस्त्रक्रियेस क्षुल्लक समजूं नये, आणि भयंकरही समजूं नये. गोव्यांतील शिरोडें येथें १८९९ सालीं जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ह्यांनीं सैल गर्भाशयमुखास घालावयाचा एक टाका शोधून १९५५ सालीं प्रसिद्ध केला. काम लहान, पण मधल्या महिन्यांत वारंवार गर्भ गमावणाऱ्या कितीतरी स्त्रियांच्या मांडीवर त्यामुळें मूल खेळलें, आणि जगभरच्या वैद्यकांत तो टाका त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. तरुण सुनेस असा टाका सुचविला असो, वा प्रौढ सासूबाईंस अस्तराची तपासणी, विचारावयाचे प्रश्न आणि धरावयाचा धीर एकच.

वाशीम जिल्हा १९९८ सालीं वेगळा झाला तेव्हां इकडच्या माणसांस मोठ्या तपासणीसाठीं अकोला, यवतमाळ अथवा नागपूर गांठावें लागे. २०२४ सालीं वाशिमासही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. अंतर कमी होत आहे. उरलें तें माजघरापासून अंगणांतल्या गाडीपर्यंतचें अंतर, आणि तें सरकारला कमी करतां येत नाहीं. तें घरच्यांनींच करावयाचें असतें. सूनबाई, हा अंक हातीं पडेल त्या दिवशीं दुपारीं, सर्व निजले असतां, तो सासूबाईंपुढें ठेवा. वाचून झाल्यावर पंचांग मात्र मागूं नका. डॉक्टरीणबाईंना ज्या दिवशीं सवड असेल तोच दिवस चांगला.